प्रतिजैविकाआधी तपासणी हवी : बेळगाव सीमाभागातील जनावरे आणि पक्ष्यांसाठी पशुपालन खात्यास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुपालन व पशुवैद्यकीय सेवा खाते, कर्नाटक सरकार, बेंगळूर,
मा. उपसंचालक, पशुपालन खाते, बेळगाव,
तसेच बिदर येथील पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधक यांस,

सादर नमस्कार.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात माझा म्हशींचा गोठा आहे आणि गेली बरीच वर्षे मी या परिसरातील पक्ष्यांच्या नोंदीही ठेवत आलो आहे. या दोन्ही कामांमुळे जे नजरेस पडते त्यावरून आपल्यापुढे एक मागणी ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आजारी जनावराला प्रतिजैविक, म्हणजे गावात ज्याला सगळे अँटिबायोटिक म्हणतात ते औषध, देण्याआधी त्याच्या दुधाचा, रक्ताचा किंवा शेणाचा नमुना तपासून घेता येईल अशी सोय बेळगाव जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याच्या पशुपालकाच्या आवाक्यात आणावी. तपासणीचा निष्कर्ष उपचाराला उपयोगी पडेल इतक्या लवकर गोठ्यापर्यंत परत यावा, आणि त्याच यंत्रणेकडे या भागातील पक्ष्यांचे आजार व मृत्यूही नोंदले जावेत. मागणीचा हा शेवटचा भाग आपणांस वेगळा वाटण्याची शक्यता आहे, म्हणून त्याची कारणे पुढे सविस्तर मांडली आहेत.

दुभत्या जनावरांच्या मालकाला सर्वांत मोठी धास्ती असते ती कासदाहाची. कासेच्या या सुजेला आमच्याकडे दगडी म्हणतात. सकाळी धार काढायला बसावे तर सड गरम आणि टणक लागतो, दुधात गाठी किंवा रक्ताची छटा दिसते आणि म्हैस कासेला हात लावू देत नाही. सोसायटीत घालायचे दूध, पेंडीची उधारी आणि जनावरासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता अशा वेळी एकदम डोळ्यांपुढे उभे राहतात. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांकडे अनेकदा एकाहून अधिक दवाखान्यांचा कारभार असतो. १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारे फिरते पथक ही चांगली सोय आहे, पण भर पावसाळ्यात जंगलातल्या वाड्यांवरून तो फोन लागणे हीच अडचण असते. मग कोणीतरी तालुक्याच्या गावी जाऊन औषध दुकानातून सडात सोडायची ट्यूब आणि इंजेक्शने घेऊन येतो, गावातला हात बसलेला माणूस ती देतो, सूज उतरली की उपचार थांबतो आणि उरलेली बाटली पुढच्या जनावरासाठी कोनाड्यात ठेवली जाते. सूज उतरली नाही तर औषध बदलते. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनचे मिश्रण झाले, मग एन्रोफ्लॉक्सासिन, मग सेफ्ट्रियाक्झोन. कासेत नेमका कोणता जीवाणू आहे, तो कोणत्या औषधाला दाद देतो आणि कोणत्या औषधाला देत नाही, हे या साऱ्या साखळीत कोणालाच ठाऊक नसते.

ते जाणून घेणे अवघड नाही. सड स्वच्छ धुऊन, पुसून, पहिल्या काही धारा टाकून देऊन पुढचे थोडे दूध निर्जंतुक बाटलीत घ्यायचे, बर्फात ठेवायचे आणि प्रयोगशाळेत पोहोचवायचे. तिथे एका दिवसात जीवाणूची वाढ दिसते, पुढच्या दिवसात वेगवेगळ्या औषधांच्या चकत्यांभोवती ती वाढ थांबते की नाही हे कळते. म्हणजे सर्व मिळून दोन ते तीन दिवस. ही पद्धत अनेक दशकांपासून रूढ आहे आणि तिला फार महागडी यंत्रेही लागत नाहीत. लागतो तो प्रशिक्षित तंत्रज्ञ, नियमित वीज, आणि गोठ्यापासून प्रयोगशाळेपर्यंत नमुना थंड अवस्थेत नेणारा माणूस. आमच्याकडे अडते ते या शेवटच्या कडीपाशी. नमुना दूरच्या शहरात जातो, गेलाच तर. आणि निष्कर्ष येईपर्यंत सड निकामी झालेला असतो किंवा जनावर विकलेले असते.

हा प्रश्न केवळ दूधवाल्यांच्या नफा-तोट्याचा असता तर खुले पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. जनावराला दिलेले एन्रोफ्लॉक्सासिन त्याच्या शरीरात काही अंशी सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे माणसाच्या उपचारातले नेहमीचे औषध आहे. सेफ्ट्रियाक्झोन तर माणसांच्या दवाखान्यात गंभीर संसर्गासाठी वापरतात तेच. अर्धवट मात्रा मिळालेले सगळेच जीवाणू मरत नाहीत. त्यातील जे तगतात तेच वाढतात, आणि औषधाला तोंड देण्याची क्षमता देणारी जनुके ते एकमेकांना देऊ शकतात, अगदी एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडेसुद्धा. शेणातून ते उकिरड्यात जातात, उकिरड्यातून शेतात, आणि शेतातून भाजीवर, ओढ्यात, विहिरीत. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज १२ लाख ७० हजार इतका दिला आहे. त्यात जनावरांच्या औषधांचा वाटा किती हे वेगळे काढणे कठीण आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या जिल्ह्यात माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली राहतात, त्या जिल्ह्यात हा वाटा शून्य मानून चालणार नाही.

कोलिस्टिनचे उदाहरण आपणांस माहीत आहेच. माणसाच्या अतिदक्षता विभागात सर्व उपाय थकल्यावर वापरायचे हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात वजनवाढीसाठी घातले जात होते. २०१५ च्या अखेरीस चीनमध्ये कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक सापडल्याचे जाहीर झाले, आणि जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत व कोंबड्यांत या औषधाचा वापर, विक्री आणि उत्पादन यांवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता. मात्र एका औषधावरील बंदीनंतर त्याच्या जागी दुसरे कोणते आले, हे पाहण्याची सोय तालुका पातळीवर नाही. आमच्या भागात करारावर चालणाऱ्या ब्रॉयलर शेडांची संख्या वाढली आहे, तिथले कोंबडीखत उसाला आणि भाजीपाल्याला जाते, आणि त्या खतातून काय जाते याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

दुधाचेही तसेच. बेळगावचा कुंदा ज्या दुधावर उभा आहे, ज्या म्हशींना पाडव्याला सजवून गवळी बांधव मोठ्या अभिमानाने पळवतात, त्या दुधात औषधाचा अंश असला तर विरजण नीट लागत नाही, हे घरात दही लावणाऱ्या बायकांना प्रयोगशाळेच्या आधी कळते. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये हे छापणे २०१२ पासून नियमाने बंधनकारक आहे, आणि ते छापलेले नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान सात दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत असा तो नियम सांगतो. सात दिवसांचे दूध ओतून देणे दोन म्हशींच्या मालकाला परवडत नाही. त्याला ते परवडावे अशी काही तरतूद झाली पाहिजे, नाहीतर नियम वेष्टनावरच राहील. गावपातळीच्या संकलनात फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) यांवर दर ठरतो. औषधांश नसलेल्या दुधाला लिटरमागे थोडा जादा दर दिला तर नियमाचे पालन आपोआप वाढेल, असे माझे मत आहे.

आता पक्ष्यांकडे येतो. आमच्या भागातील साठी उलटलेल्या कोणालाही विचारा, गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की काही तासांत गिधाडे उतरत, हे तो सांगेल. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी होत गेली. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे मोजणीतून दिसले. सुरुवातीला तज्ज्ञांना एखाद्या साथीच्या रोगाचा संशय होता आणि त्या शोधात मोलाचा काळ गेला. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून खरे कारण प्रसिद्ध झाले. मेलेल्या गिधाडांच्या आतील अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर होते, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि त्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक होते. गुराढोरांचा ताप व वेदना कमी करण्यासाठी दिलेले हे इंजेक्शन मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले होते. पुढच्या गणिती अभ्यासातून असेही दिसले की शंभरातील एकापेक्षाही कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी गिधाडांचा असा ऱ्हास घडू शकतो. ज्याने ते इंजेक्शन दिले त्याने आपल्या बैलाचा ताप उतरवला होता. त्याला गिधाड मारायचे नव्हते.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसासाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅक या आणखी दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे. तरीही औषध दुकानात 'ताप उतरवायचे द्या' असे म्हणणाऱ्या पशुपालकाच्या हाती नेमके काय पडते, याची पाहणी आमच्या तालुक्यात व्हायला हवी. गिधाडे गेल्यावर मृत जनावरे कुत्र्यांच्या वाट्याला आली. २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने गिधाडांच्या ऱ्हासामुळे भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला आहे. दूषित पाणी आणि कुत्र्यांमुळे पसरणारा रेबीज ही त्यामागची कारणे म्हणून त्यात सांगितली आहेत.

गिधाडांच्या या साऱ्या प्रकरणातून मी जो बोध घेतो तो प्रयोगशाळेशी संबंधित आहे. मेलेला पक्षी उघडून त्याचे मूत्रपिंड तपासणारे कोणीतरी होते म्हणून कारण सापडले. आज खानापूर, चिकोडी किंवा गोकाक तालुक्यात एखाद्या माणसाला शेतात मेलेली घार किंवा तळ्याकाठी मेलेली बदके दिसली तर त्याने कोणाला कळवावे? वनखाते म्हणते ते पशुवैद्यकाचे काम, पशुवैद्यकाच्या वहीत वन्य पक्ष्यासाठी रकाना नाही, आणि तोवर पक्षी कुजून जातो.

कर्नाटकात पक्षी आणि पशुरोग यांचा एकत्र अभ्यास नवा नाही, हे मी आदरपूर्वक आठवण करून देऊ इच्छितो. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली, तेव्हा सापडलेला माकडतापाचा विषाणू रशियातील एका गोचीडजन्य विषाणूशी मिळताजुळता निघाला. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडांबरोबर तो उत्तरेकडून आणला असेल काय, या शंकेतून जागतिक आरोग्य संघटनेने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला मदत केली आणि डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत वाळे घालून त्यांचा प्रवास शोधण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. पक्ष्यांनी विषाणू बाहेरून आणल्याचे त्यातून सिद्ध झाले नाही. पण भारतातील पक्ष्यांच्या स्थलांतराविषयीच्या आपल्या ज्ञानाचा पाया त्या कार्यक्रमाने घातला. जमिनीवर चरणाऱ्या रानकोंबड्यांसारख्या पक्ष्यांच्या अंगावर त्या गोचिडांची पिल्ले पोसली जातात, आणि पूर्ण वाढलेली गोचीड गुरांवर, हेही त्याच काळातील संशोधनातून स्पष्ट झाले. गाय आजारी पडत नाही, पण जंगलातून गोचीड वाड्यापर्यंत आणते.

हा रोग आता जुन्या पुस्तकातला राहिलेला नाही. २०१५ पासून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत, आणि चोर्ला घाटाच्या परिसरात या दोन्ही तालुक्यांचे जंगल आमच्या खानापूरच्या जंगलात मिसळलेले आहे. भीमगड अभयारण्याच्या भोवतालच्या वाड्यांतील गुरे रोज त्याच जंगलात चरतात. तिथे माकड मेल्याची बातमी वनरक्षकापासून आरोग्य केंद्रापर्यंत आणि तिथून जनावरांच्या दवाखान्यापर्यंत एकाच दिवशी पोहोचली तर गुरांच्या अंगावरील गोचिडांचा बंदोबस्त वेळेत करता येतो. आज ती तीन वेगवेगळ्या खात्यांच्या तीन वेगवेगळ्या कागदांवर चढते.

गोचिडांच्या बंदोबस्ताविषयीही संशोधकांशी थोडे बोलायचे आहे. गोठ्यात सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे जंत व गोचीड मारणारे औषध शेणातून बाहेर पडते आणि शेणात वाढणाऱ्या किड्यांना मारते. शेणातले किडे म्हणजे हुदहुद्या, साळुंखी, टिटवी, धोबी या पक्ष्यांचे अन्न. गुरांच्या पायांभोवती फिरणारे गायबगळे आणि पाठीवर बसून उडते किडे टिपणारे कोतवाल हे गोठ्याचे न बोलावलेले मदतनीस आहेत, आणि आमच्या माळावर त्यांचे थवे पूर्वीपेक्षा लहान झालेले मला जाणवतात. ही एका माणसाची नोंद आहे, तिला मी पुरावा म्हणत नाही. परंतु २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात, दीर्घकाळाचा कल काढता आला अशा ३३८ पक्षिजातींपैकी ६० टक्के जाती घटल्याचे दिसले आहे आणि माळरानावरच्या पक्ष्यांची स्थिती विशेष काळजीची आहे. कोणत्या गावात कोणते जंतनाशक आणि गोचीडनाशक किती वापरले जाते आणि तिथल्या शेणातील किडे व पक्षी यांचे काय होते, हा अभ्यास बिदरच्या विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आमच्या माळांवर करावा. जागा, जनावरे आणि माहिती देण्यास आम्ही तयार आहोत.

बर्ड फ्लूच्या बाबतीत तर पक्ष्यांकडे दुर्लक्ष करणे परवडणारच नाही. भारतात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नवापूर येथील कोंबड्यांत आढळला. तेव्हापासून कावळे आणि पाणपक्षी यांचे अनैसर्गिक मृत्यू हीच अनेकदा त्याची पहिली खूण ठरली आहे, आणि खात्रीची तपासणी भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेत होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत हाच विषाणू दुभत्या गाईंच्या कासेत आणि दुधात सापडला, त्यामुळे तो आता केवळ कोंबडीवाल्यांचा प्रश्न राहिलेला नाही. आमच्या जिल्ह्यात धुपदाळ बंधाऱ्याच्या पाण्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, तिथे हिवाळ्यात कांड्या करकोचे दूरवरून येतात, आणि त्याच पाण्यावर आसपासच्या गावांची जनावरेही येतात. तिथल्या पाण्याचे आणि विष्ठेचे नमुने हंगामातून ठरावीक वेळी तपासले तर रोगाची चाहूल आणि औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा माग, दोन्ही एकाच फेरीत मिळतील.

सीमेविषयी लिहिताना संयमाने लिहितो, कारण या भागात तो शब्द उच्चारला की चर्चा वेगळीकडे जाते. माझा मुद्दा व्यवहाराचा आहे. चंदगड आणि गडहिंग्लजची जनावरे बेळगावच्या बाजूस येतात, निपाणीची कागलकडे जातात, धनगरांचे कळप कृष्णा ओलांडून दोन्हीकडे चरतात. लाळ्या-खुरकुताची लस केंद्राच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून दोन्ही राज्यांत वर्षातून दोनदा दिली जाते, पण एकाच ओढ्याच्या दोन काठांवरील गावांत ती वेगवेगळ्या महिन्यांत दिली गेली तर मध्ये जी फट राहते तीतून रोग आत येतो. लम्पी या गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाच्या साथीत, २०२२ च्या पावसाळ्यानंतर, हे आम्ही सोसले. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही हे माहीत असूनही भीतीपोटी प्रत्येक गाठ आलेल्या जनावराला ते टोचले गेले. ज्या जनावरांच्या जखमा चिघळल्या होत्या त्यांना त्याची गरज होती, बाकीच्यांना नव्हती, आणि हा फरक गोठ्यावर येऊन सांगायला पुरेसे पशुवैद्य नव्हते. बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी लसीकरणाच्या तारखा एकत्र बसून ठरवाव्यात आणि सीमेवरील गावांत त्या एकाच आठवड्यात पार पाडाव्यात, एवढे जरी झाले तरी औषधांचा निम्मा अनावश्यक वापर टळेल असे मला वाटते. बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग जगातून हद्दपार झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली, ती प्रतिजैविकांनी साधलेली गोष्ट नव्हती. लस आणि काटेकोर पाळत यांनी ती साधली, आणि त्या कामात भारतीय पशुवैद्यांचा मोठा वाटा होता.

यासाठी सर्व काही नव्याने उभारावे लागणार नाही. अथणी तालुक्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बेळगाव शहरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यक संशोधन संस्था आहे. बेंगळूरच्या यलहंका भागातील राष्ट्रीय पशुरोग साथशास्त्र संस्था जिल्हावार रोगांची पूर्वसूचना काढते. जून २०२२ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने माणूस, जनावर आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारा 'वन हेल्थ' प्रायोगिक प्रकल्प बेंगळूर येथेच जाहीर केला होता. त्याचा हात बेळगावपर्यंत पोहोचवावा. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आहेच. लसीची नोंद जशी त्या क्रमांकावर होते तशी दिलेल्या प्रतिजैविकाचीही व्हावी, आणि औषध दुकानांनी जनावरांसाठी विकलेल्या प्रतिजैविकांची वेगळी वही ठेवावी. सुरुवातीला खानापूर, निपाणी आणि गोकाक या तीन तालुक्यांत दुधाचे नमुने गोळा करणारी व्यवस्था उभी राहिली तरी चालेल. सोसायटीचे दूध नेणारी गाडी रोज सकाळी गावात येतेच. तिच्यात बर्फाचा एक डबा ठेवणे हे काही अशक्य काम नाही.

एक सूचना खास संशोधकांसाठी आहे. कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप दगडीवर लावण्याची पद्धत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने अलीकडे प्रसारात आणली आहे, आणि आमच्याकडील काही पशुपालक ती वापरतात. कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही. कोणत्या जीवाणूच्या दगडीत, कोणत्या टप्प्यावर हा लेप पुरेसा ठरतो आणि कुठे इंजेक्शनाला पर्याय नसतो, याची शिस्तीने, नमुने तपासून चाचणी घेतली तर पशुपालकाला खात्रीने काही सांगता येईल. पारंपरिक वैद्यकाची संस्था याच शहरात आणि दगडीची जनावरे तिच्यापासून हाकेच्या अंतरावर असताना ही चाचणी इतरत्र होण्याची वाट का पाहावी?

तपासणीचा निष्कर्ष ज्याच्या हाती पडायचा त्याला तो वाचता आला पाहिजे. सीमाभागातील बहुसंख्य वयस्क पशुपालकांचे शिक्षण मराठीत झाले आहे. लसीकरणाची सूचना, औषधानंतर दूध किती दिवस टाकायचे याचे पत्रक आणि प्रयोगशाळेचा निष्कर्ष कन्नडबरोबर मराठीतही छापावा. हे आरोग्याचे कागद आहेत, त्यांचा उपयोग वाचले गेले तरच होतो, आणि आमच्या गावांतील दोन्ही भाषांच्या शिक्षकांनी त्यांचा मजकूर तपासून देण्याची तयारी दाखवली आहे.

आपण हे काम हाती घेतलेत तर पशुपालक म्हणून आमच्याकडून जे व्हायला हवे तेही लिहून ठेवतो. नमुना घेण्याआधी इंजेक्शन न देणे, सांगितलेली मात्रा पूर्ण करणे, औषधाच्या काळातील दूध सोसायटीत न घालणे, मेलेल्या जनावराला औषध दिले असल्यास त्याचे शव उघड्यावर न टाकता खोल पुरणे, आणि मेलेले माकड किंवा पक्षी दिसल्यास हात न लावता कळवणे, या गोष्टी आमच्या गावच्या दूध उत्पादकांच्या बैठकीत मी मांडल्या आहेत आणि त्यांना विरोध झालेला नाही. प्रश्न विचारले गेले ते एवढेच की नमुना कोणाकडे द्यायचा आणि उत्तर किती दिवसांत येईल.

डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरते आणि त्या निमित्ताने आपल्या खात्याचे वरिष्ठ अधिकारी शहरात असतात. त्या दिवसांत सीमाभागातील पशुपालक, जनावरांच्या दवाखान्यांचे डॉक्टर, वनखाते आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे यांची एक बैठक आपण बोलवावी, कोल्हापूरच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांनाही तिचे निमंत्रण द्यावे, आणि वरील दोन प्रश्नांची उत्तरे तिथे तालुकावार द्यावीत, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक दूध उत्पादक व पक्षीनिरीक्षक